तुपाच्या शाईचा माणूस

घरात एखादी लग्नपत्रिका पडली असेल तर ती हातात घ्या आणि मग पुढचं वाचा. वरचा गणपती सोनेरी आहे ना? त्यावरून बोट फिरवून बघा. बोटाला काही लागत नाही. आता सांगा, ते सोनेरी नेमकं काय आहे?

पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत मलाही माहीत नव्हतं. मावसबहिणीच्या पत्रिका छापायला टाकल्या होत्या म्हणून महालातल्या एका छोट्या छापखान्यात गेले. आमच्याच पत्रिकेचा नंबर लागला होता, म्हणून तिथेच उभी राहिले. मशीनवरच्या काकांनी एक डबा उघडला. आत घट्ट, चकाकणारी, मधासारखी सोनेरी शाई. सुरीने थोडी काढली, मशीनला लावली, आणि पाच मिनिटांत गणपती सोनेरी होऊन बाहेर पडायला लागले.

मी विचारलं, यात सोनं किती? काका हसले. सोनं शून्य, असं त्यांनी सांगितलं. ही पितळेची पूड. तांबं आणि जस्त. तांबं जास्त असलं की रंग लालसर, जस्त वाढलं की हिरवट पिवळा. चांदीची शाई म्हणजे तर सरळ ॲल्युमिनियमची पूड. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ते काम शिकत होते तेव्हा सोनेरीचा असा तयार डबा हाताशी नसायचा. पूड वेगळी यायची, वार्निश वेगळं. काम सुरू करायच्या आधी काचेवर दोन्ही सुरीने कालवायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. उरलेली शाई ठेवून दिली की तिची चमक जायची, कधीकधी तर हिरवट पडायची. कारण तुम्हाला बारावीच्या केमिस्ट्रीत सापडेल. वार्निशमध्ये थोडं आम्ल असतं आणि ते तांब्याला खातं. हा त्रास आटोक्यात आणणारं वार्निश आणि नीट तयार केलेली पूड आली, तेव्हा कुठे सोनेरी शाईचा तयार डबा दुकानात टिकायला लागला.

मी विचारलं, वार्निश म्हणजे काय? तेल. कसलं? आता बऱ्याच प्रकारचं असतं, पण मूळचं जवसाचं.

जवस! म्हणजे आपल्या घरी चटणीत असतं तेच. विदर्भातल्या पोरापोरींना जवस काय ते सांगायला नको. पण छापलेलं प्रत्येक काळं अक्षर कित्येक वर्षं याच जवसाच्या तेलावर उभं होतं, हे मला आपल्या ताटासमोर बसून कधी सुचलं नव्हतं. घरी आल्यावर मी शोधायला बसले, की आपल्याकडे ही शाई पहिल्यांदा स्वतःच्या हाताने कुणी बनवली. आणि मला गणपत कृष्णाजी भेटले.

दर्पणच्या एक वर्ष आधी

पत्रकारितेला असाल तर तुम्हाला ६ जानेवारी १८३२ ही तारीख झोपेतही सांगता येते. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’. त्या दिवशी आपण पत्रकार दिन साजरा करतो, हार घालतो, भाषणं ऐकतो. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८३१ मध्ये, मुंबईत एका मराठी माणसाने स्वतःचा छापखाना सुरू केला. त्याच्यावर मात्र आम्हाला एका मार्काचाही प्रश्न आला नाही.

त्यांचं नाव गणपत कृष्णाजी. आडनाव पाटील, पण ओळख गणपत कृष्णाजी अशीच. जात भंडारी. मुंबईच्या किनाऱ्यावरची ही जात, माडी काढणं हा तिचा जुना धंदा. हे मुद्दाम सांगतेय, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. नागपुरात तेव्हा तिसऱ्या रघुजी भोसल्यांचं राज्य होतं. आपल्या शहरात रेल्वे यायला अजून छत्तीस वर्षं होती. मुंबईतसुद्धा पहिली आगगाडी धावायला बावीस वर्षं होती. पुस्तक म्हणजे हाताने लिहिलेली पोथी. लेखनिक बोरू घेऊन बसणार, ओळीमागून ओळ उतरवणार. एक प्रत व्हायला दिवसचे दिवस, महिनेसुद्धा. ज्याच्याकडे पोथी, त्याच्याकडे विद्या. बाकीच्यांनी ऐकायचं.

छापखाने मुंबईत नव्हते असं नाही. फर्दुनजी मर्झबान या पारशी गृहस्थांनी १८१२ मध्येच गुजराती छापखाना काढला होता. दोन वर्षांत त्यांनी गुजराती पंचांगही छापलं. अमेरिकन मिशनचे पाद्री मराठीत धर्माची छोटी पुस्तकं छापत होते. म्हणजे मराठी अक्षर कागदावर छापलं जात होतं, पण काय छापायचं ते ठरवणारे हात मराठी नव्हते.

गणपत कृष्णाजींनी मिशनच्या छापखान्यात शिळाछापाचं काम जवळून पाहिलं. आणि त्यांच्या डोक्यात आलं, की हे आपल्याला जमलं पाहिजे.

लाकडाचं यंत्र, दगडाचा तुकडा

बोलायला सोपं आहे. पण साहित्य कुठून आणणार? आज तुम्ही यूट्यूब चॅनल काढायचं ठरवलंत तर माइक, लाइट, ट्रायपॉड सगळं दोन दिवसांत घरपोच येतं. गणपत कृष्णाजींना दारात आणून देणारं कुणी नव्हतं. यंत्र विलायतेचं, ते महाग. शिकवणारं पुस्तक मराठीत नाही. मग त्यांनी काय केलं? पाहिलेलं यंत्र आठवून लाकडाचं एक यंत्र स्वतःच्या हाताने तयार केलं. शिळाछापाच्या दगडाचा एक लहानसा तुकडा मिळवला. त्यावर प्रयोग सुरू केले.

शिळाछाप म्हणजे काय, हे इथे थोडक्यात सांगते, कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे. जर्मनीतल्या बव्हेरियात आलोइस सेनेफेल्डर नावाच्या माणसाने अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी ही युक्ती शोधली. चुनखडीचा एक खास गुळगुळीत दगड घ्यायचा. त्यावर चिकट, स्निग्ध शाईने लिहायचं. मग डिंकाचं पाणी आणि थोडं आम्ल लावून दगड तयार करायचा. आता दगड ओला केला की रिकाम्या जागी पाणी बसतं, आणि लिहिलेल्या जागी स्निग्धपणामुळे पाणी टिकत नाही. त्यावरून छपाईच्या शाईचा रूळ फिरवला की बरोबर उलट होतं. शाई तेलकट, म्हणून ती ओल्या जागेला नाकारते आणि अक्षराला धरते. वर कागद ठेवा, दाब द्या, अक्षर कागदावर.

तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. बस, एवढंच विज्ञान. महालातल्या त्या ऑफसेट मशीनवरही हेच चाललेलं असतं. दगडाच्या जागी पातळ प्लेट आली, मध्ये एक रबराचा रूळ आला, पण पाणी आणि शाईचं भांडण तेच आहे.

मराठीला ही पद्धत तर फारच सोयीची. इंग्रजीला सव्वीस अक्षरं, लहान-मोठी धरून बावन्न. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं. धातूचे खिळे पाडायचे म्हटलं तर शेकड्यांनी लागतात. शिळाछापात खिळेच नकोत. चांगला लेखनिक बसवा, त्याच्या वळणदार हातानेच पान लिहून घ्या, ते दगडावर उतरवा. छापलेलं पान पोथीसारखंच दिसतं. वाचणाऱ्याला परकं वाटत नाही.

शाई विकत मिळत नव्हती

यंत्र झालं, दगड झाला. उरली शाई. आणि इथे गणपत कृष्णाजी खरे अडले असते.

तुम्ही म्हणाल, शाई तर आपल्याकडे आधीपासून होतीच की! होती. दिव्याची काजळी, डिंक आणि पाणी घोटून केलेली. शेकडो वर्षं टिकणाऱ्या पोथ्या तिनेच लिहिल्या. श्रीमंतांच्या पोथ्यांत तर खरं सोनं घोटून, डिंकात कालवून अक्षरं काढत. पण ती सगळी पाण्याची शाई. बोरूसाठी उत्तम, छापण्यासाठी निरुपयोगी. शिळाछापाच्या दगडावर तर ती शत्रूच, कारण दगडाच्या रिकाम्या जागी पाणी आधीच बसलेलं. तिथे शाई तेलाचीच हवी.

ती करायची रीत अशी. जवसाचं तेल कढवायचं, ते इतकं की दोन बोटांत धरून ओढलं तर तार यावी. म्हणजेच वार्निश. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, वाळतं, त्याचा पापुद्रा बनतो. खायचं प्रत्येक तेल असं वाळत नाही. आता या वार्निशात काजळी घालायची आणि घोटत राहायचं. काजळीचा एक कण जरी गुठळी होऊन राहिला, तरी छापताना अक्षराच्या पोटात डाग पडणार. तेल पातळ राहिलं तर कागदावर अक्षराभोवती पिवळट तेलकट वर्तुळ. जास्त घट्ट झालं तर शाई कागदच फाडून घेणार. उन्हाळ्यात एक प्रमाण, पावसाळ्यात दुसरं. मुंबईचा पावसाळा आठवा.

ही शाई गणपत कृष्णाजींनी स्वतः केली. पुन्हा पुन्हा करून पाहिली, बिघडवली, सुधारली. कामातून रीत सापडत गेली. लाकडी यंत्रावर, स्वतःच्या शाईने त्यांनी लहानसहान गोष्टी छापल्या. लोकांना आवडल्या. मग पुढे लोखंडी यंत्र आणलं आणि धंदा मांडला.

आता त्याच काळातली लंडनची एक गोष्ट सांगते, कारण ती थेट आपल्या सोनेरी डब्याशी जोडलेली आहे. १८४० च्या आसपास हेन्री बेसेमर नावाचा एक तरुण बहिणीच्या चित्रांच्या वहीवर सोनेरी अक्षरं काढायला पूड आणायला गेला. किंमत ऐकून थक्क झाला. पूड पितळेची, पण जर्मनीत हाताने कुटून होत असल्यामुळे भाव आभाळाला. त्याने ती यंत्राने करायची युक्ती शोधली, कारखाना काढला, आणि युक्ती बाहेर जाऊ नये म्हणून आत मोजक्या घरच्या माणसांनाच येऊ दिलं. त्या पुडीच्या पैशावर त्याने पुढचे प्रयोग केले. पोलाद स्वस्त करणारा बेसेमर तो हाच. म्हणजे छपाईच्या रंगाचं गुपित हे त्या काळात नुसतं कारागिराचं कौशल्य नव्हतं. ज्याला ते साधलं, त्याचं नशीब पालटत होतं.

गणपत कृष्णाजींपुढचा प्रश्न मात्र बेसेमरपेक्षा वेगळा होता. त्यांची शाई चांगली होती. पण लोक तिला हात लावायला तयार होतील का?

पंचांग आणि चरबी

त्यांनी पंचांग छापायचं ठरवलं.

धंद्याच्या दृष्टीने बघा, किती हुशारीचं पाऊल! पोथी एकदा घेतली की पिढ्यान्‌पिढ्या चालते. पंचांग दर वर्षी नवं लागतं. गुढीपाडव्याला ते वाचायची रीत, मुहूर्ताला ते, एकादशीला ते, श्राद्धाला ते. गिऱ्हाईक दर वर्षी परत येणारच. आणि आमच्या भाषेत सांगायचं तर डेडलाइन पक्की. पाडवा पुढे ढकलता येत नाही. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण यांचे आकड्यांचे रकानेच्या रकाने. एक आकडा चुकला तर गावाचा उपास चुकणार.

पण पंचांग ज्यांच्या हातात असायचं ते जोशी-भटजी सोवळ्यातले. आणि छापलेल्या कागदाबद्दल त्यांच्या मनात मोठी शंका होती. शाईत काय आहे? छापखान्याच्या शाईत चरबी असते, अशी बोलवा होती. ती खोटी नव्हती. शिळाछापात दगडावर लिहायची जी स्निग्ध शाई असते, तिच्यात मेण, साबण, काजळी आणि जनावराची चरबी हे नेहमीचे घटक. मग असा कागद देवघरात कसा न्यायचा? त्याला हात लावून संध्या कशी करायची?

तुम्हाला हे हास्यास्पद वाटेल. मलाही आधी वाटलं. पण १८५७ आठवा. काडतुसांना कुठली चरबी लावली आहे, या एका शंकेने सैन्याच्या छावण्या पेटल्या. आपल्या नकळत आपल्याला बाटवलं जातंय ही भीती त्या काळात खरी होती. आणि त्यात छापणारा माणूस भंडारी. म्हणजे ज्याच्या हातचं पाणी चालणार नाही, त्याच्या हातचं पंचांग चालवून घ्यायचं होतं.

यावर त्यांनी काय केलं, हे मराठी मुद्रणाच्या इतिहासात आवर्जून सांगितलं जातं. त्यांनी वाद घातला नाही. शाईतली चरबी काढली आणि तूप घातलं.

या एका गोष्टीवर थोडं थांबा. केमिस्ट्रीच्या दृष्टीने पाहिलं तर चरबी आणि तूप एकाच कुळातले. दोन्ही स्निग्ध पदार्थ. दगडाला पाणी दूर ठेवणारं काहीतरी हवं असतं, ते गाईच्या दुधातून आलं की मेलेल्या जनावरातून, याचं त्याला सोयरसुतक नाही. ते माणसाला असतं. शाईची घडण आतून ज्याला पूर्ण कळली आहे, त्यालाच हे सुचू शकतं, की इथे हा घटक बदलला तर छपाईचं फारसं बिघडणार नाही आणि वाचणाऱ्याची अडचण मात्र सुटेल. विलायतेहून आलेला तयार डबा फोडून छापणाऱ्याला हे करताच आलं नसतं. डब्यात काय आहे हेच त्याला माहीत नसतं, मग बदलणार काय?

तूप वापरणं सोपंही नव्हतं. तूप जवसाच्या तेलासारखं वाळत नाही. प्रमाण जास्त झालं तर शाई वर तशीच राहील, पान पानाला लागलं की डाग पडेल. म्हणजे पुन्हा प्रयोग, पुन्हा कागद वाया. ते सगळं त्यांनी केलं. आणि तुपातलं पंचांग, तुपातल्या पोथ्या लोकांच्या घरात शिरल्या.

सगळे लगेच पटले असं मात्र समजू नका. गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ मध्ये ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक लिहिलं. गणपत कृष्णाजींच्या खटपटीची हकीकत आपल्याला कळते ती बरीचशी त्यांच्यामुळे. त्या पुस्तकाच्या काळातही मुंबईत छापलेल्या कागदाला हात न लावणारी, छापील पुस्तक न वाचणारी कर्मठ माणसं होतीच. तीस वर्षं होऊन गेली तरी! पण त्यांचं ऐकणारे कमी होत गेले. जी पोथी एका वाड्यात कापडात बांधून ठेवलेली असायची, ती आता शेकडो प्रतींत बाजारात आली. तिथी विचारायला जोश्याच्या ओसरीवर जावं लागायचं, ती आता ज्याला वाचता येतं त्याला स्वतःच पाहता यायला लागली.

आणि हे घडवणारा माणूस कोण? ज्याला स्वतः ती पोथी शिकायचा अधिकार कुणी दिला नव्हता तो.

इथे मला एक प्रश्न सतावतो, तो तुमच्यापुढेही ठेवते. गणपत कृष्णाजींनी तूप घालून सोवळ्याला मान दिला, की सोवळ्याला चकवलं? आमच्या न्यूजरूममध्ये यावर चहाचे दोन राउंड झाले. एक मैत्रीण म्हणाली, त्यांनी भेदभावापुढे मान तुकवली. दुसऱ्याचं म्हणणं, धंदा होता, गिऱ्हाईक म्हणेल ते करायचं. मला दोन्ही अर्धंच पटतं. शाईतली हरकत त्यांनी दूर केल्यावर हरकत घेणाऱ्यांकडे उरलं काय? फक्त छापणाऱ्याची जात. आणि ती पानावर दिसत नव्हती. पान वाचलं जाऊ लागलं, हाताळलं जाऊ लागलं, पुढच्या वर्षी पुन्हा मागितलं जाऊ लागलं. भाषण देऊन जे झालं नसतं ते एका वाटीभर तुपाने झालं, असं मला वाटतं. तुमचं मत वेगळं असू शकतं.

खिळेही घरचेच

तिथेच थांबले असते तरी नाव राहिलं असतं. पण शिळाछापाला मर्यादा होती. दगडावरून छापता छापता अक्षर बारीक बारीक होत पुसट होतं, आणि प्रत्येक नव्या पानाला लेखनिक पुन्हा लिहिणार. मोठी पुस्तकं, भरपूर प्रती, झटपट काम हवं तर धातूचे खिळेच लागणार.

म्हणून १८४० च्या दशकात गणपत कृष्णाजींनी खिळे पाडायला घेतले. पोलादाच्या टोकावर उलटं अक्षर कोरायचं, ते ठोकून साचा करायचा, साच्यात शिसं ओतायचं. मराठीसाठी ही खटपट शेकडो अक्षरांसाठी करावी लागते. तेही काम त्यांनी स्वतः हात घालून शिकून घेतलं, मराठीबरोबर गुजराती खिळेही पाडले. यंत्र, शाई, खिळे, तीनही गोष्टी घरच्या. आजच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर, सॉफ्टवेअर आणि फॉन्ट, तिन्हींचा कारखाना एकाच माणसाचा. मुंबईत त्यांच्या छापखान्याचं नाव सुबक कामासाठी झालं. मराठी आणि संस्कृत पुस्तकं तिथून निघत राहिली.

१८६० मध्ये गणपत कृष्णाजी गेले. छापखाना त्यांचे चिरंजीव कान्होबा यांच्याकडे आला. पुढे मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ मध्ये ‘निर्णयसागर’ काढला, तेही लहान वयात मिशनच्या छापखान्यात काम शिकलेले. निर्णयसागरचे सुबक खिळे देशभर गाजले, त्यांचं पंचांगही घराघरांत गेलं. त्यांचं नाव आज जास्त घेतलं जातं. पण वाट पाडलेली होती. छापील पंचांग देवघरात ठेवायचं असतं, हे लोकांच्या अंगवळणी आधीच पडलेलं होतं.

डब्याच्या आत

आता पुन्हा महालातल्या सोनेरी डब्याकडे.

पितळेची पूड म्हणजे गोल दाणे नसतात. त्या पातळ चपट्या पाकळ्या असतात. कुटताना त्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांना स्टिअरिक आम्लाचा लेप देतात. या लेपामुळेच पाकळ्या शाईत बुडत नाहीत, तरंगून वर येतात, एकीशेजारी एक आडव्या पसरतात आणि आरशासारखा प्रकाश परत फेकतात. तुमच्या पत्रिकेवरच्या गणपतीची चमक ती हीच. आणि हे स्टिअरिक आम्ल कुठून येतं? पामसारख्या वनस्पती तेलातून येतं, आणि जनावराच्या चरबीतूनही येतं. डब्यावर ते लिहिलेलं असेलच असं नाही.

वाचून तुम्हीही माझ्यासारखेच दचकलात ना? पावणेदोनशेपेक्षा जास्त वर्षं झाली आणि आपण फिरून त्याच प्रश्नापाशी येतो, की यात नेमकं काय आहे. तेव्हा सोवळ्यासाठी विचारत होते. आज कुणी शाकाहारी म्हणून विचारेल, कुणी पर्यावरणासाठी, कुणी खाऊच्या पाकिटाची शाई म्हणून. प्रश्न विचारणारे बदलले. उत्तर देऊ शकणारा मात्र कमी होत चाललाय, कारण आपण सगळे तयार डब्याचे लोक झालोय. शाईच कशाला, ॲप तयार, टेम्प्लेट तयार, असाइनमेंटचं उत्तरसुद्धा तयार. मी स्वतः ज्या सॉफ्टवेअरवर पानं लावायला शिकले, त्यात मराठी अक्षर कसं जोडलं जातं हे मला कुणी विचारलं तर मी गप्प बसेन.

तयार डबा वाईट आहे असं मी म्हणत नाही. काकांचाही त्याला विरोध नाही. सकाळचा अर्धा तास वाचतो, चमक सगळ्या पत्रिकांवर सारखी येते, पूड नाकातोंडात जात नाही. पण डबा बिघडला की काका घाबरत नाहीत, कारण त्यांनी कालवलेलं आहे. झाकण उघडून वासावरून, सुरीवरून पडणाऱ्या धारेवरून त्यांना कळतं काय कमी पडलंय ते. मशीनवर नवीन आलेला मुलगा मात्र सरळ दुसरा डबा मागतो.

पत्रिका घेऊन निघताना मी आजीचं पंचांग आठवलं. घरी जाऊन शेवटचं पान उघडलं आणि अगदी खाली, बारीक टायपात, मुद्रकाचं नाव शोधलं. पुस्तकावर छापणाऱ्याचं नाव घालणं १८६७ च्या कायद्यानेही सक्तीचं केलं होतं, गणपत कृष्णाजी गेल्यानंतर सात वर्षांनी. ती ओळ मी आजवर कधी वाचली नव्हती. मास कॉमची डिग्री घेऊनसुद्धा.

आज तुमच्याकडे जे कुठलं जुनं पुस्तक असेल, त्यातली ती ओळ शोधा. आणि जवळच्या छापखान्यात एकदा जाऊन या, शहरात अजून आहेत बरेच. मशीनवरच्या माणसाला विचारा, शाईत काय असतं. काम थोडं कमी असेल तर तो नक्की सांगेल.